ओळख वाढली, भीड मात्र तशीच राहिली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कार्यालयांत भरवल्या जाणाऱ्या ‘टीम बिल्डिंग’ शिबिरांविषयी आपल्या वाचकांच्या पत्रांत अलीकडे दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. काहींना ही शिबिरे वेळेचा अपव्यय वाटतात. काहींच्या मते त्यांतून सहकाऱ्यांमध्ये जिव्हाळा निर्माण होतो आणि जिव्हाळा आला की नव्या कल्पना आपोआप सुचू लागतात. एका तांत्रिक विभागाची प्रमुख म्हणून मी एकोणीस वर्षे काम केले आणि त्या काळात अशी शिबिरे मी स्वतः हौसेने भरवली. त्यामुळे पहिला आक्षेप मला मान्य नाही; दुसऱ्या मतातील ‘आपोआप’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. माणसे एकत्र खेळली, हसली, प्रवासाला गेली की त्यांची ओळख वाढते, हे खरे आहे. परंतु बैठकीच्या टेबलाशी बसल्यावर वरिष्ठांची आणि एकमेकांची जी भीड वाटते, ती ओळखीने जात नाही, उलट काही वेळा ओळखीनेच ती घट्ट होते. नवा विचार अडतो तो नेमका या भिडेपाशी. ती चेपण्याचे काम गटाच्या प्रमुखाचे आहे आणि ते वर्षातून एकदा मैदानावर उरकता येत नाही, एवढेच मला या पत्रातून सांगायचे आहे.

शिबिरांत हमखास असणाऱ्या रस्सीखेचीचेच उदाहरण घेते. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता आणि ती मोजमापे १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. एकटा माणूस जितका जोर लावतो, त्याच्या जेमतेम निम्मा जोर तोच माणूस आठ जणांच्या गटात लावतो, असे त्यात दिसले. सर्वांचे ओढणे एकाच क्षणी जुळत नाही म्हणून असे होत असेल, असा अंदाज होता. पुढे १९७४ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला आपल्या मागे आणखी काही जण दोर ओढत आहेत असे भासवले; प्रत्यक्षात मागे कोणीही जोर लावत नव्हते. तरीही त्या माणसाचा जोर कमी झाला. म्हणजे घट केवळ ताळमेळाच्या अभावाने होत नव्हती. आपला वाटा वेगळा दिसणार नाही हे कळले की माणूस नकळत हात राखून काम करतो, असा त्याचा अर्थ होतो. विचाराच्या कामातही हेच घडते. दहा जणांना एकत्र बसवून ‘काही नवे सुचवा’ असे सांगितले की दहाही जण इतर नऊ जणांची वाट पाहतात. ज्याच्या नावावर प्रश्नाचा एखादा निश्चित भाग असतो, तो माणूस मात्र घरी जातानाही त्याचाच विचार करत असतो. म्हणून गट बांधताना काम असे वाटून द्यावे लागते, की प्रत्येकाची भर वेगळी ओळखता येईल आणि तरीही ती दुसऱ्याच्या भरीशिवाय पुरी होणार नाही. हे वाटप अवघड असते आणि त्याला दोन दिवसांच्या शिबिरापेक्षा अधिक विचार लागतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी लिहिते, कारण या विषयावर बोलण्याचा अधिकार मला त्या चुकीनेच दिला, असे मी मानते. आमच्या विभागाकडे यंत्रांच्या सुट्या भागांच्या चाचण्या घेण्याचे काम होते. एका भागाच्या चाचणीला फार वेळ लागत असल्याने पुढची सगळी कामे रखडत होती आणि त्यावर उपाय शोधण्यासाठी मी सात जणांचा गट केला. पहिल्याच बैठकीत मी प्रश्न समजावून सांगितला आणि त्याच ओघात, चाचण्यांचा क्रम ठरलेला असल्याने तो सोडून बाकी कशाचाही विचार करावा, असेही म्हणून गेले. चार महिने आम्ही उपकरणे बदलून पाहिली, पाळ्या बदलून पाहिल्या; फरक पडला तो अगदी थोडा. त्या गटातील सर्वांत तरुण सहकारी मुलीची दुसऱ्या विभागात बदली झाली, तेव्हा काम सोपवताना तिने आपली वही माझ्या हाती दिली. त्या वहीत पहिल्या आठवड्याच्या तारखेखाली चाचण्यांचा वेगळा क्रम आखलेला होता. ज्या चाचणीत सर्वांत अधिक भाग नापास होत, ती शेवटून दुसरी होती. ती तिने आरंभी घेतली होती आणि त्यामुळे नापास होणारे भाग सुरुवातीलाच बाजूला पडत होते. हे तू बोलली का नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, “मॅडम, क्रमाला हात लावायचा नाही असं तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. क्रम कोणत्याही नियमाने बांधलेला नव्हता, तो केवळ सवयीने चालत आला होता. मी तो नीट तपासलाही नव्हता. आम्ही तो बदलला आणि रखडलेली कामे मार्गी लागली.

हीच मुलगी आदल्या महिन्यातील शिबिरात माझ्याच गटात होती, माझ्याशी मोकळेपणाने हसत-बोलत होती, हे मी मुद्दाम नमूद करते. आमच्यात दुरावा नव्हता, माझी भीती वाटावी असे मी तिच्याशी कधी वागलेही नव्हते. तरीही मी ओढलेली रेघ ओलांडावी असे तिला वाटले नाही. अधिकारपदावरील माणसाचे सहज उच्चारलेले वाक्यसुद्धा ऐकणाऱ्याला निर्णयासारखे ऐकू येते, ही गोष्ट त्या पदावर बसलेल्या माणसाला फार उशिरा कळते. त्यानंतर मी दोन सवयी स्वतःला लावून घेतल्या. बैठकीत प्रश्न मांडायचा, त्याच्या अटींपैकी कोणती खरोखर अटळ आहे आणि कोणती केवळ रूढ आहे हे वेगळे करून सांगायचे आणि स्वतःचे मत सर्वांचे बोलून झाल्यावर द्यायचे, ही पहिली. बोलण्याचा क्रम सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्यापासून सुरू करायचा, ही दुसरी. सुरुवातीचे काही आठवडे त्या शांततेत बसणे मला फार जड गेले. मी बोलत नाही याचा अर्थ मी रागावले आहे, असाही समज काही जणांचा झाला आणि तो दूर करण्यासाठी मला हे सारे कशासाठी चालले आहे ते स्पष्ट सांगावे लागले. ते आधीच सांगायला हवे होते.

‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. ती पद्धत अॅलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने विसाव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय केली. कल्पना मांडल्या जात असताना टीका करू नये, चमत्कारिक कल्पनेलाही जागा द्यावी, जितक्या जास्त कल्पना तितके बरे आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी, असे तिचे नियम होते. नियम चांगलेच आहेत. मात्र १९५८ मध्ये येल विद्यापीठात चार-चार जणांचे गट आणि एकेकटे बसून विचार करणारी तितकीच माणसे यांची तुलना झाली, तेव्हा एकेकट्यांच्या कल्पनांची पुनरावृत्ती वगळून केलेली बेरीज गटांपेक्षा बरीच जास्त भरली. पुढे १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या जर्मन संशोधकांनी याचे कारण शोधले. गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांचे ऐकण्यात स्वतःचा विचार विरून जातो, हे त्यांना मुख्य कारण आढळले. कोणत्याही बैठकीत बसलेल्या माणसाला हे पटावे. मला सुचलेले वाक्य मी मनात धरून ठेवते, तेवढ्या वेळात समोरचा दुसरीकडे निघून गेलेला असतो आणि माझे वाक्य आता अस्थानी वाटेल म्हणून मी ते गिळते.

उपाय खर्चिक नाही. प्रश्न मांडल्यावर दहा-पंधरा मिनिटे कोणीही बोलू नये, प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहावे, मग ते कागद गोळा करून कोणाचेही नाव न सांगता फळ्यावर मांडावेत आणि चर्चा तिथून सुरू व्हावी. आमच्याकडे हे सुरू झाले तेव्हा पहिल्या दिवशी बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. महिनाभरात त्या भरू लागल्या आणि मग असे लक्षात आले, की बैठकीत सर्वाधिक बोलणाऱ्या माणसाकडेच सर्वाधिक कल्पना असतात हा आमचा समज निराधार होता. आमच्यातील एक अतिशय अबोल तंत्रज्ञ, जो बैठकीत फक्त मान डोलवत असे, त्याच्या चिठ्ठ्यांवरून दोन वर्षांत तीन बदल प्रत्यक्षात आले. एकांत आणि गट या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे समजण्यात आपली गफलत होते. कल्पना बहुधा एकट्या माणसाच्या डोक्यात जन्मते. तिला घासूनपुसून वापरण्याजोगी करण्यासाठी गट लागतो. या दोन्ही अवस्थांना वेगवेगळा वेळ देणे हे प्रमुखाच्या हाती असते.

आता जिव्हाळ्याने वाढणाऱ्या भिडेकडे वळते, कारण शिबिरांचा पुरस्कार करणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. वरिष्ठाची भीड सर्वांना दिसते. मित्राची भीड कोणाला दिसत नाही. ज्याच्याशी आपले चांगले जमते त्याची कल्पना चुकीची आहे, असे चारचौघांत म्हणणे परक्या माणसाला तसे म्हणण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. अर्विंग जॅनिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ज्या प्रवृत्तीला, म्हणजे एकमत टिकवण्यासाठी शंका गिळण्याच्या गटाच्या सवयीला, ‘ग्रुपथिंक’ म्हटले, तिचे मूळ त्याने गटातील एकोप्यातच दाखवले होते. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातील सरकार उलथवण्यासाठी अमेरिकेने तिथल्या ‘बे ऑफ पिग्ज’ येथे उतरवलेली मोहीम तीन दिवसांत फसली. ती ठरवणारी माणसे बुद्धिमान होती, एकमेकांविषयी आदर बाळगणारी होती. अध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी या बेताविरुद्ध टिपणे लिहून दिली होती, पण प्रत्यक्ष बैठकांत ते जवळजवळ गप्प राहिले आणि त्या मौनाची खंत त्यांनी पुढे स्वतःच नोंदवली.

या प्रसंगापेक्षा त्यानंतर दीड वर्षाने काय झाले ते मला अधिक मोलाचे वाटते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात आणलेल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला, तेव्हा सल्लागार मंडळी बरीचशी तीच होती, केनेडी यांनी बदलली ती बैठकीची रीत. काही बैठकांना ते स्वतः जाणीवपूर्वक अनुपस्थित राहिले, म्हणजे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी मत ठरवू नये. मंडळी वेगवेगळ्या तुकड्यांत बसून पर्याय तयार करत आणि मग एकमेकांच्या पर्यायांतील दोष काढत. प्रत्येक गृहीतक उलटे करून तपासण्याचे काम दोघांवर विशेष सोपवलेले होते. हवाई हल्ला की काहीच न करणे, एवढ्यावर न अडता सागरी नाकेबंदीचा मार्ग त्यातून पुढे आला. माणसे तीच असूनही त्यांच्या विचाराचा दर्जा रीतीने बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. प्रमुखाने खोलीबाहेर जाणे हीदेखील गट बांधण्याचीच कृती असू शकते, हे मी त्यातून घेतले.

विरोधी मत मांडणारा एक माणूस किती उपयोगी पडतो, हे सॉलोमन अॅश यांच्या १९५१ च्या प्रयोगांतून दिसले आहे. रेषांची लांबी जुळवण्याच्या अगदी सोप्या प्रश्नाला गटातील इतरांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले, की अनभिज्ञ माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीकडे झुकत. मात्र गटातील एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी हे प्रमाण एकदम खाली येई. म्हणून गटात ज्याला ‘आडमुठा’ म्हटले जाते, त्याच्याकडे प्रमुखाने वेगळ्या दृष्टीने पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो प्रत्येक वेळी बरोबर नसतो. परंतु त्याच्या बोलण्याने इतरांचे शब्द सुटतात. अशा माणसाला कंटाळून गटातून वगळण्याचा निर्णय मी एकदा घेतला होता. त्यानंतरच्या बैठका लवकर संपू लागल्या आणि मला ती प्रगती वाटली होती.

भीड गेल्याची खूण कोणती, असे कोणी विचारील. हसणेखिदळणे ही ती खूण नव्हे. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा आणि औषधे देण्यातील चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा असताना, ज्या गटांतील संबंध अधिक चांगले होते तिथे नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. ते गट अधिक चुकत होते असे मानायला आधार नव्हता. ते चुका लपवत नव्हते, हा उलगडा पुढे झाला. ज्या गटात माणूस ‘हे माझ्याकडून चुकले’ असे म्हणू शकतो, त्याच गटात ‘हे असेही करून पाहता येईल’ असे म्हणायला तो धजावतो, असा माझाही अनुभव आहे. यासाठी पहिली चूक प्रमुखाने स्वतःची सांगावी लागते. मी त्या वहीची हकिगत पुढील प्रत्येक नव्या गटाला पहिल्या दिवशी सांगत असे आणि त्याचा जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही खेळाचा झाला नाही.

प्रमुख स्वतः अलौकिक बुद्धीचा असला की बाकी सारे जमून येते, हाही एक समज आहे. विल्यम शॉक्ले हे ट्रान्झिस्टरवरील कामासाठी १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी एक होते आणि त्यांनी आपल्या नव्या प्रयोगशाळेसाठी निवडलेले तरुण शास्त्रज्ञ अत्यंत गुणी होते. परंतु सहकाऱ्यांवर संशय घेणे आणि त्यांच्या सूचना धुडकावणे यामुळे १९५७ मध्ये त्यांतील आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी ‘फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर’ उभी केली. त्यांच्यापैकीच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये ‘इंटेल’ स्थापन केली. गुणी माणसे निवडणे शॉक्ले यांना उत्तम जमले होते, त्यांना एकत्र राखणे जमले नाही.

वेगवेगळ्या विभागांतील माणसांना एकमेकांच्या अपुऱ्या कामाची माहिती असणे किती मोलाचे असते, हे ‘थ्रीएम’ कंपनीतील चिकटचिठ्ठीच्या कथेत दिसते. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये हवा होता पक्का डिंक. सापडला तो हलके चिकटून सहज सुटणारा. त्याचा उपयोग कोणता हे ठाऊक नसताना ते वर्षानुवर्षे कंपनीतल्याच इतर लोकांना आपल्या या पदार्थाविषयी सांगत राहिले. अशाच एका व्याख्यानाला आलेल्या आर्ट फ्राय यांना पुढे भजनांच्या पुस्तकातून निसटणाऱ्या खुणेच्या कागदासाठी तो आठवला आणि १९८० मध्ये त्या चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आल्या. बारा वर्षे एक निरुपयोगी वाटणारा शोध जिवंत राहिला, कारण तो सांगायला व्यासपीठ होते आणि कामाच्या वेळेतील काही भाग स्वतःच्या कल्पनेवर घालवण्याची मुभा होती. शिबिरावर होणाऱ्या खर्चातून महिन्याला असा एखादा तास सहज काढता येतो.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. सर्वांचे ऐकत बसले तर निर्णय कधी व्हायचा? मी या अडचणीतून गेले आहे आणि ती कमी लेखत नाही. आमच्याकडे असे ठरले होते, की कल्पना मांडण्याची बैठक आणि निर्णयाची बैठक एकाच दिवशी घ्यायची नाही आणि निर्णय प्रमुखच घेईल, मतदान होणार नाही. मात्र प्रत्येक नाकारलेल्या सूचनेला ठरलेल्या मुदतीत कारणासह उत्तर दिले जाईल. यातील शेवटची अट पाळणे सर्वांत कठीण गेले. सूचना नाकारली गेल्याने माणूस सहसा दुखावत नाही, तिचे पुढे काय झाले हे न कळल्याने तो दुखावतो आणि पुढच्या वेळी चिठ्ठी कोरी देतो. सूचनापेट्या धूळ खात पडतात त्या यामुळेच.

शिबिरे भरवणाऱ्या संस्थांना माझी एक सूचना आहे. दोन दिवसांपैकी अर्धा दिवस खेळांसाठी ठेवून उरलेल्या वेळात गटापुढे त्याच्याच कामातील एक खरा, लहान आणि अनेक दिवस अडलेला प्रश्न ठेवावा. प्रमुखाने तो मांडून खोलीबाहेर जावे. माणसांनी आधी एकेकट्याने लिहावे, मग एकत्र बसावे. आणि परत आल्यावर प्रमुखाने, जे हाती आले त्यातील काय, कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत करून पाहणार, हे तिथेच ठरवावे. ती तारीख पाळली गेली की नाही, यावरून पुढच्या वर्षीचे शिबिर भरवायचे की नाही ते ठरवता येईल.

आपल्यालाही एक विनंती आहे. या विषयावर आपल्या अंकात प्रमुखपदावरील व्यक्तींची मते येतात आणि हे पत्रही त्याच बाजूचे आहे. ज्यांच्या वहीत एखादी कल्पना लिहिलेली राहिली आणि बैठकीत बोलायची झाली नाही, अशा तरुण वाचकांकडून, त्यांची आणि त्यांच्या संस्थेची नावे न छापण्याच्या अटीवर, आपण पत्रे मागवावीत. त्या वेळी नेमके कोणते वाक्य ऐकून आपण गप्प बसलो, एवढे जरी त्यांनी लिहिले, तरी आज त्या खुर्च्यांवर बसलेल्या अनेकांना ते वाचण्याची गरज आहे.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त विभागप्रमुख